पेटीला तेल कोणतें ?

खंडेनवमी जवळ आली म्हणजे आमच्याकडील घरांत तेलाच्या बाटलीस पाय फुटतात. विळी, अडकित्ता, शिवणाचें यंत्र, कुलपें, बिजागऱ्या, सर्वांस पुसून तेलाचें बोट लागतें आणि मग पाटावर मांडून त्यांची पूजा होते. रीत उत्तम आहे. वर्षांतून एकदां तरी या मुक्या चाकरांची विचारपूस होते. परंतु ज्या घरांत गाण्याची आवड असते, तेथें याच पंक्तीस बाजाची पेटी येऊन बसते, आणि ज्याच्या हातीं बाटली असते तो तिलाही वगळीत नाहीं.

यंदा या पंक्तींत आणखी एका पाहुण्याची भर पडली आहे. आमच्या पुतण्यास त्याच्या मुंजींत आहेर म्हणून तोंडाचा बाजा, ज्यास मुलें माउथ ऑर्गन म्हणतात, तो मिळाला. बटु मोठा उद्योगी ! वाद्य आपल्या मनाजोगें करून घ्यावें म्हणून त्यानें त्याचीं झांकणें उघडलीं, आंतील लांकूड घासावयास काढलें, आणि स्वयंपाकघराच्या दारांत उभें राहून विचारलें, "काका, याला कोणतें तेल लावूं ?"

उत्तर देण्यापूर्वीं आमच्या हातून घडलेला एक अपराध आम्हांस आठवला. वडिलांची पेटी साडेतीन सप्तकांची व दुहेरी सुरांची, म्हणजे तिच्यांत ८४ रीड. एका पावसाळ्यानंतर तिचे दोन सूर अडखळूं लागले. आम्हीं कोणास न विचारतां देवघरांतील खोबरेल घेतलें आणि कापसाच्या बोळ्यानें ओळीनें सर्व रिडांस लावलें. दोन दिवस आवाज मऊ वाटला. आम्ही आपल्या अकलेवर खूष होतों. पुढें मार्गशीर्षांतील एका पहाटे भजनास पेटी उघडली, तों निम्मे सूर मुके ! खोबरेल सुमारें २४ अंश सेल्सिअसच्या खालीं थिजतें, हें न्हाणीघरांतील बाटलीवरून घरांतील प्रत्येक स्त्रीस ठाऊक असतें. आम्हांसच काय तें सुचलें नाहीं. कारागिरानें एकेक रीड काढून स्पिरिटानें धुतला. तो रागावला नाहीं, "पेटीला फोडणी कोणीं दिली?" एवढेंच त्यानें विचारलें. वडील कांहींच बोलले नाहींत. महिनाभर संध्याकाळचें भजन पेटीवांचून झालें, आणि तें मौन आम्हांस शब्दांहून अधिक लागलें.

ज्या कोल्हापुरांत देवल क्लब १८८३ पासून गाण्याची उपासना करीत आला, ज्या नगरीनें गोविंदराव टेंबे यांच्या (१८८१-१९५५) बोटांखालीं पेटी गातांना ऐकली, तेथें हा प्रकार ! नभोवाणीनें १९४० सालीं पेटीस दार बंद केलें तें १९७१ पर्यंत उघडलें नाहीं. पेटीचे सूर ठरीव, त्यांत मींड निघत नाहीं, हा तिच्यावरील मुख्य आक्षेप. आमच्या खोबरेलानें ते ठरीव सूरही ठरीव राहूं दिले नाहींत.

असें कां झालें, तें थोडक्यांत सांगतों. रीड म्हणजे पितळेची एक पातळ जीभ. तिचें एक टोंक रिबिटानें जखडलेलें, दुसरें मोकळें. वारा आला कीं ती आपल्या खांचेंत खालींवर थरथरते. जीभ आणि खांच यांमधील फट केसाएवढी. कारागीर सूर चढवावयाचा झाल्यास जिभेचें टोंक किंचित् खरवडतो आणि उतरवावयाचा झाल्यास बुडाकडे खरवडतो. चीनमधील शेंग नांवाच्या पुरातन वाद्यांत तर जिभेच्या टोंकास मेणाचा ठिपका ठेवून सूर उतरवितात. आतां टोंकावर तेल बसलें, तेलावर धूळ बसली, म्हणजे नकळत तोच ठिपका आपण ठेवला. सूर उतरणारच, आणि फट बुजली कीं तो गप्पच होणार. म्हणून पेटीच्या वा तोंडाच्या बाजाच्या रिडास कोणतेंही तेल लावूं नये. शिवणाच्या यंत्राचेंही नको. भात्याच्या व झडपांच्या चामड्यासही तेल नको. तें जड होऊन चिकटतें. पेटीची एखादी पट्टी अगर ओढावयाचा खटका अडत असेल, तर लांकूड जेथें लांकडास घासतें तेथें शिसपेनीचें मऊ शिसें फिरवावें. बाहेरच्या लाखेच्या पॉलिशास कोरडें फडकें पुरे. आणि पितळ चकचकीत व्हावें म्हणून चिंच-मिठाचा हात रिडापर्यंत कोणीं नेऊं नये.

मग तेलास जागा कोठें ? केवळ लांकडास; आणि आमच्या बटूचा प्रश्न तेथेंच येतो. त्याच्या बाजाचीं वरचीं झांकणें काढलीं कीं दोन पितळी पत्रे दिसतात व त्यांच्यामध्यें एक फणी असते. पुष्कळ बाजांत ती आतां प्लास्टिकची असते. तिला तेलाची गरजच नाहीं. जर्मनीतील होनर कंपनीच्या १८९६ पासून प्रसिद्ध असलेल्या मरीन बँड या जातीच्या जुन्या बाजांत ती नासपतीच्या लांकडाची असे. लाळेनें असें लांकूड फुगतें, फणीचे दांते बाहेर येतात आणि ओठ कापतात. लांकडाचीं छिद्रें बुजविणें हाच त्यावरील उपाय.

येथें पेटी आणि तोंडाचा बाजा यांमध्यें एक भेद आहे, तो घरांतील वडील माणसांनीं विसरूं नये. पेटीचा श्वास भात्याचा. बाजाचा श्वास मुलाचा. तो फुंकूनही वाजतो आणि ओढूनही वाजतो. आंत जें ओलें असेल तें जिभेवर येईल, आणि तेलाचा कण श्वासाबरोबर फुप्फुसांत गेला तर तेथें विकार उत्पन्न करतो. म्हणून आंत तेल फवारणें वर्ज्य, आणि लांकडावर तेलाचा ओलावा शिल्लक ठेवणेंही वर्ज्य.

आम्हीं बटूस एक प्रयोग करावयास लाविला आहे. कांचेच्या तुकड्यावर खोबरेल, शेंगदाणा, करडई आणि जवस यांचा एकेक थेंब ठेवून तो खिडकींत ठेविला. पंधरवड्यानंतर जवसाच्या थेंबावर साय धरूं लागली आहे. करडईचा थेंब चिकट झाला आहे. डब्याच्या कडेस तो डिंकासारखा कसा बसतो हें आमच्या वहिनींनीं न पाहतांच सांगितलें होतें. शेंगदाणा व खोबरेल होतीं तशींच ओलीं आहेत. अशीं न वाळणारीं खाण्याचीं तेलें लांकडांत राहून खवट होतात; तीं फणीस नकोत. जवस वाळतें, परंतु दुकानांत रंगासाठीं मिळणारें 'उकळलेलें' जवसतेल मुळींच आणूं नये. तें लवकर वाळावें म्हणून त्यांत धातूंचे क्षार घातलेले असतात, आणि ही वस्तु ओठांत धरावयाची आहे. शुद्ध कच्चें जवसतेल चालेल, पण आमच्या दमट हवेंत तें वाळावयास फार दिवस घेतें.

जवस वापरणारांस एक धोक्याची सूचना. तें वाळतें म्हणजे उडून जात नाहीं. हवेंतील प्राणवायु शोषून घट्ट होतें, आणि तसें होतांना उष्णता निघते. तेलानें माखलेलीं फडकीं बोळा करून कोपऱ्यांत टाकलीं तर ती उष्णता आंतल्या आंत सांठते आणि तीं आपोआप पेट घेतात. फडकें उघड्यावर सुटें पसरून वाळवावें, नाहीं तर पाण्यांत बुडवावें. माडीवर अडगळीची खोली असलेल्या घरांनीं हें विशेष ध्यानांत ठेवावें.

आम्हीं स्वतः निवडलें तें निराळेंच. औषधांच्या दुकानांत पोट साफ होण्यासाठीं लिक्विड पॅराफिन मिळतें. त्यास वास नाहीं, तें खवटत नाहीं. त्याच्या चार भागांत शुद्ध मधमाशांचें मेण एक भाग घालून, गरम पाण्याच्या भांड्यांत वाटी ठेवून, तें वितळवावें. प्रत्यक्ष आंचेवर ठेवूं नये. पत्रे सोडविलेल्या, घासून धूळ पुसलेल्या कोरड्या फणीस हें मलम चोळावें, रात्रभर मुरूं द्यावें आणि सकाळीं बोटास कांहींही लागणार नाहीं इतकें पुसून काढावें. त्यानंतरच पत्रे बसवावे. हें वाळत नसल्यामुळें वर्षां-सहा महिन्यांनीं पुन्हां करावें लागतें. मुलास उद्योग मिळतो.

वाजवून झाल्यावर बाजा तळहातावर आपटून लाळ झाडावी आणि भोंकें खालीं करून वाऱ्यावर ठेवावा. लगेच डबींत बंद केला तर पितळ्यांत ताक कळकतें तशी त्याच्या पत्र्यांवर हिरवी कळ येते. आणि एकाचा बाजा दुसऱ्यानें वाजवूं नये. आमच्या मातोश्रींनीं 'उष्टा' या एका शब्दांत हा नियम पहिल्याच दिवशीं घातला आहे.

नवमीस पेटी पाटावर येईल तेव्हां झांकण लावूनच ठेवावी, व गंध बाहेरच्या लांकडास लावावें. हळदकुंकू आणि अक्षता ताम्हनांतच असूं द्याव्या. रिडाच्या खांचेंत अडकलेला तांदुळाचा एक कण शोधण्यासाठीं सबंध पेटी उघडावी लागते, हेंही आम्ही अनुभवानेंच सांगतों.