निलंबन : निकालाआधीची शिक्षा?

एखादा कर्मचारी निलंबित झाला की, दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रात त्याचे नाव झळकते आणि समाज त्याच्या अपराधावर शिक्कामोर्तब करून मोकळा होतो. त्याला घरबसल्या निम्मा पगार मिळतो, हे कळताच संतापात आणखी भर पडते. हा संताप समजण्यासारखा असला, तरी त्याची दिशा चुकीची आहे. निलंबन ही शिक्षा नव्हे. चौकशी निर्वेध व्हावी, पुराव्यांत ढवळाढवळ होऊ नये, यासाठी योजलेला तो तात्पुरता उपाय आहे. सेवेचे नाते त्या काळातही तुटलेले नसते. म्हणूनच मिळणारी रक्कम ही मेहेरबानी नसून हक्काचा निर्वाहभत्ता असतो.

हा हक्क सुखासुखी पदरात पडलेला नाही. फौजदारी खटल्यात दोषी ठरलेल्या, परंतु ज्याचे अपील प्रलंबित आहे अशा निलंबित कर्मचाऱ्यास महिन्याला अवघा १ रुपया देण्याची तरतूद मुंबई नागरी सेवा नियमांत होती. सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये ती घटनाबाह्य ठरविली. कामगारांसाठी १९४६ च्या स्थायी आदेश कायद्यात १९८२ मध्ये दुरुस्ती झाली. त्यानुसार पहिले ९० दिवस वेतनाच्या ५० टक्के आणि विलंब कामगारामुळे झाला नसेल, तर त्यापुढे ७५ टक्के भत्ता ठरला. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेनेही हेच प्रमाण राखले.

खरी ओढाताण होते ती कपातीमुळे. केंद्र सरकारच्या सेवेतील एखाद्याचे मूळ वेतन ६० हजार रुपये असेल, तर मूलभूत नियम ५३ नुसार त्याचा मूळ भत्ता ३० हजारांवर येतो. महागाई भत्ताही त्याच हिशेबाने. त्यातून प्राप्तिकर, सरकारी निवासस्थानाचे शुल्क आणि सरकारी कर्जाचे हप्ते सक्तीने वळते होतात. मात्र पतपेढीचे देणे किंवा टपाल विम्याचा हप्ता लेखी संमतीविना कापता येत नाही. भविष्य निर्वाह निधीची वर्गणी, न्यायालयीन जप्तीची रक्कम आणि सरकारच्या नुकसानीची वसुली तर या भत्त्यातून करताच येत नाही. कामगार राज्य विमा योजनेत मात्र हा भत्ता वेतनच मानला जातो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये दिला. त्यामुळे तेथे वर्गणी कापली जाते, तसे कुटुंबाचे वैद्यकीय संरक्षणही टिकते. कोणती कपात सक्तीची आणि कोणती ऐच्छिक, हे किती कुटुंबांना ठाऊक असते? अज्ञानापोटी सही केली जाते आणि घरखर्चाला उरते ते नाममात्र.

भत्ताच रोखला, तर न्यायही रोखला जातो. कोलारच्या सोन्याच्या खाणीतील एका अधिकाऱ्याला भत्ता मिळाला नाही, तो चौकशीस हजर राहू शकला नाही आणि एकतर्फी चौकशीत बडतर्फ झाला. १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कारवाई रद्द ठरविली.

याचा अर्थ भ्रष्टाचाऱ्यांना पाठीशी घालावे, असा मुळीच नाही. उलट, रेंगाळलेली चौकशी दोषी माणसाच्याच पथ्यावर पडते. काम न करता त्याला करदात्यांचा पैसा मिळत राहतो आणि निर्दोष माणूस मात्र बदनामीच्या छायेत झिजत राहतो. तीन महिन्यांत दोषारोपपत्र दिले नाही, तर निलंबन पुढे चालू ठेवू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये बजावले. महाराष्ट्र शासनानेही २०१९ मध्ये त्यानुसार निर्णय काढला. नियमांची वाण नाही; वाण आहे ती ते वेळेत पाळणाऱ्या इच्छाशक्तीची.

दोषी असेल त्याला घरी पाठवा, निर्दोष असेल त्याला सन्मानाने कामावर घ्या. पण जे करायचे ते मुदतीत करा. अपराध सिद्ध होण्याआधीच घरची चूल विझत असेल, तर त्याला शिस्त म्हणता येणार नाही.