जोडीदाराची ओळख होडीत नको

प्रति,
मा. व्यवस्थापकीय संचालक,
महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळ, मुंबई



मी दिंडोशीत राहतो. आमच्या एका अंगाला हायवे, दुसऱ्या अंगाला नॅशनल पार्कचा डोंगर. समुद्र बघायचा तर रेल्वेलाईन ओलांडून मार्वे नाहीतर अक्सा गाठायचं, आणि तिथल्या गढूळ पाण्याखाली बघण्यासारखं काही दिसत नाही. तरी पन्नाशीला टेकताना मी रीतसर स्कुबा शिकलो. बायकोला पाण्याची भीती, मित्रांना सुट्टी नाही, म्हणून हायवेवर उभा राहून मालवणची रात्रीची बस एकटाच पकडतो. एकट्या आलेल्याला एकट्याने पाण्यात उतरू देत नाहीत, जोडीदार देतात. हे योग्यच आहे. माझं म्हणणं तो कसा देतात याबद्दल आहे.

मालवणात पहिल्यांदाच ‘स्कुबा करणाऱ्या’ पर्यटकाला हा प्रश्न पडत नाही, कारण प्रशिक्षक त्याला हातातून सोडतच नाही. प्रमाणपत्र असलेल्यांचं वेगळं. पहिल्या प्रमाणपत्रावर १८ मीटरपर्यंत जाता येतं. तिथे दाब जमिनीवरच्या जवळजवळ तिप्पट, म्हणून प्रत्येक श्वासाला सिलिंडरमधली हवाही तितक्या पटीने संपते. माझी हवा संपली तर? जोडीदाराच्या छातीवर लटकणारा त्याचा जादा रेग्युलेटर, ज्याला आम्ही ऑक्टोपस म्हणतो, तोच माझा आधार. लोकलमध्ये अनोळखी माणसाला आपण बॅगही सांभाळायला देत नाही. इथे श्वास देतो, तोही नाव धड न ऐकता.

एका किनाऱ्यावरची गोष्ट सांगतो. तो तुमचा नव्हता, व्यावसायिकाचं नाव घेत नाही. होडी सुटल्यावर बोट दाखवून सांगितलं गेलं, “तुम्ही आणि हे, जोडी.” ‘हे’ म्हणजे तिशीतला एक मुलगा, हातात मोठा कॅमेरा. खाली तीन-चार मीटरपलीकडे काही दिसत नव्हतं. थोड्या वेळाने त्याने माझ्याकडे बघून अंगठा वर केला. आपल्याकडे अंगठा म्हणजे ‘मस्त’. पाण्याखाली त्याचा अर्थ एकच : ‘वर चल’. मीही अंगठा दाखवला आणि निघालो. दोन-तीन मीटर वर येऊन बघतो तर तो नाही. नियमाप्रमाणे मिनिटभर शोधलं, मग सावकाश वर आलो आणि होडीच्या दोराला धरून त्याचे बुडबुडे शोधत राहिलो. बऱ्याच वेळाने साहेब वर आले, मास्क कपाळावर सारला आणि मलाच विचारलं, “काका, गायब कुठे झालात?” त्याला मोठा मासा दिसला होता, त्या आनंदात अंगठा गेला.

त्याला दोष देऊन मी मोकळा होऊ शकलो असतो. पण दीड वर्षांत मी पाण्यात उतरलो नव्हतो, हे मीही त्याला सांगितलं नव्हतं. त्याने विचारलं नाही, मला लाज वाटली. होडी डुलत असते, कुणाला उलटी येत असते, सगळे फिन्स चढवायच्या घाईत. अशा वेळी पन्नाशीचा माणूस अनोळखी पोराला ‘मला जरा धाकधूक आहे’ असं सांगत नाही.

हे तुम्हालाच का लिहितो? २४ मे २०२२ ला तारकर्लीजवळ स्कुबाहून परतणारी होडी उलटून दोन पर्यटक गेले. तो अपघात पाण्यावरचा होता. मी पाण्याखालचं बोलतोय. नौदलातून निवृत्त झालेली ‘गुलदार’ ही नौका २०२५ मध्ये तुमच्या ताब्यात आली, निवतीजवळच्या समुद्रात तिला तळाशी बसवण्यासाठी. ८० मीटरहून लांब जहाज बघायला माझ्यासारखे सुटे पाणबुडे देशभरातून येतील. प्रवाळावर जोडीदार चुकला तर वर येता येतं. जहाजाच्या आत डोक्यावर पत्रा असतो, आणि एकाच्या फिनने गाळ उडाला की स्वतःचा हातही दिसत नाही.

तारकर्लीत तुमची स्वतःची स्कुबा प्रशिक्षण संस्था आहे, सरावाचा खोल तलाव आहे. आदल्या संध्याकाळी तिथे या जोड्यांना अर्धा तास एकत्र उतरवा. एकमेकांची लॉगबुकं बघू द्या, खुणा जुळवू द्या, ऑक्टोपस एकदा प्रत्यक्ष तोंडात घेऊ द्या. कोण भराभर हवा ओढतो तेही तिथेच कळेल. जोडी जमली नाही तर बदलायची मुभा ठेवा, आणि तशी मागणी करणाऱ्याला भित्रा समजू नका. वेगळे पैसे लावायचे असतील तर लावा. आम्ही कुरकुरू, पण देऊ.

पावसाळा सरला की मी येतोय, नेहमीप्रमाणे एकटाच. बस पहाटे पोचते, संध्याकाळ मोकळीच असते. तलावाची वेळ तेवढी कळवा.

आपला,
दिंडोशीचा एक पाणबुड्या