चातुर्मासाचा नेम आणि दवाखान्याची पायरी

आषाढ शुद्ध एकादशीस भगवान शयन करतात आणि कार्तिक शुद्ध एकादशीस जागे होतात, या श्रद्धेवर आपल्या चातुर्मासाची उभारणी झालेली आहे. या चार महिन्यांत घरोघरी काही ना काही नेम धरला जातो. कोणी कांदा-लसूण सोडतो, कोणी वांगे वर्ज्य करतो, कोणी एकभुक्त राहतो. एकादशीच्या आधी कांदेनवमीस कांदा पोटभर खाऊन घेण्याची हौसही आपलीच! या सर्व नेमांविषयी आम्हांस आदर आहे. परंतु ज्या कांद्याने कोणाचे अहित झाल्याचे ऐकिवात नाही, तो चार महिने सोडण्याचे बळ ज्या समाजात आहे, त्याच समाजाला दाढेखालची तंबाखू मात्र का सोडवत नाही, हा प्रश्न आजच्या पर्वकाळी विचारल्यावाचून राहवत नाही.

गळ्यात तुळशीची माळ आणि कमरेला चंची, हे दृश्य वारीच्या वाटेवर नवे नाही. माळ घेणारा मद्य-मांस सोडतो आणि पुढे जन्मभर तो नेम पाळतो. तंबाखू मात्र त्या नेमातून निसटली. तिचे कारणही ऐतिहासिक आहे. ही वनस्पती पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या-सतराव्या शतकाच्या सुमारास आपल्या देशात आली. प्राचीन धर्मशास्त्राला तिचे नावही ठाऊक नव्हते. शास्त्रात निषेध नाही म्हणून ती निर्दोष ठरली आणि चुन्यासह हातावर चढली.

2016-17 साली झालेल्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील पंधरा वर्षांवरील दर शंभर व्यक्तींमागे सुमारे सत्तावीस जण तंबाखूचे सेवन करणारे आढळले आणि त्यांतील बहुसंख्य धूम्रपान न करता ती तोंडात धरणारे होते. आपल्या माताभगिनींची मिश्रीही याच हिशेबात येते. गर्भवतीने मिश्री लावली तर बालक कमी वजनाचे किंवा अपुऱ्या दिवसांचे जन्मण्याचा धोका वाढतो, हे तिला कोण सांगणार? त्याच पाहणीतील दुसरा आकडा आम्हांस अधिक अस्वस्थ करतो. देशभरात वर्षभरात वैद्याकडे जाऊन आलेल्या, अशी तंबाखू खाणाऱ्यांपैकी जेमतेम एकतृतीयांश लोकांनाच ‘हे सोडा’ असा सल्ला मिळाला होता. उरलेले दोनतृतीयांश औषधाची पुडी घेऊन जसे आले तसे परतले!

आम्ही कीर्तनकार. व्यसनाविरुद्ध पूर्वरंगात आम्ही कितीही आवेशाने बोललो तरी ते बोलणे हजारांना उद्देशून असते, आणि हजारांना सांगितलेले प्रत्येकाला शेजाऱ्यासाठीच सांगितले आहे असे वाटते. दवाखान्यात मात्र रुग्ण एकटा असतो. तो खोकला, दुखरी हिरडी किंवा वाढलेला रक्तदाब घेऊन आलेला असतो. त्या क्षणी त्याचे मन मऊ असते. अशा वेळी गावच्या डॉक्टरने दोन-तीन मिनिटे काढून स्पष्ट शब्दांत सल्ला दिला, तर सोडणाऱ्यांची संख्या वाढते, हे आधुनिक वैद्यकाने वारंवार पडताळून पाहिले आहे. आमच्या दोन तासांच्या निरूपणापेक्षा ती तीन मिनिटे पुष्कळदा अधिक फलदायी होतात, हे मान्य करण्यात आम्हांस कमीपणा वाटत नाही.

मात्र सल्ला म्हणजे खडसावणे नव्हे. ‘मरायचे आहे काय?’ असे ओरडून विचारले की रुग्ण पुढच्या वेळी खोटे बोलू लागतो, एवढेच होते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सातव्या अध्यायात या विषयाचे मार्मिक विवेचन आहे. अंगवळणी पडलेले अहितकर सुज्ञाने क्रमाक्रमाने, चतुर्थांशाच्या मापाने कमी करावे आणि तितक्याच मापाने हितकर गोष्ट अंगी लावावी, असे आचार्य सांगतात. नुसते काढून घ्यायचे नाही, रिकाम्या जागी काही ठेवायचेही आहे, हा त्यातील मर्माचा भाग होय. मिठाचे, गोडाचे, बैठ्या जीवनाचे व्यसन या रीतीने सुटू शकते. तंबाखूच्या बाबतीत एक दिवस ठरवून ती पूर्ण थांबवणे अनेकांना सोयीचे जाते. तलफ पहिल्या काही दिवसांत तीव्र असते, परंतु तिची प्रत्येक लाट थोड्या मिनिटांत ओसरते. मद्याचे मात्र वेगळे आहे. रोज पुष्कळ पिणाऱ्याने ते एकाएकी बंद केले तर कंप, झटके, भ्रम असे जीवघेणे प्रकार होऊ शकतात. त्याने नेम धरण्यापूर्वी डॉक्टरांना भेटलेच पाहिजे.

आजच्या एकादशीचेही असेच. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण आपल्या पूर्वजांनीच आपल्यावर केलेली थट्टा आहे. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्यावर तळलेले पापड आणि बटाट्याचा चिवडा. मधुमेही मनुष्याची साखर याने भडकते. उलट गोळ्या किंवा इन्सुलिन घेऊन निरंकार उपवास केल्यास ती धोकादायक रीतीने उतरते. अशांनी डॉक्टरांना विचारून उपवास करावा. देहाला यातना देऊन प्रसन्न होणारा देव आमच्या संप्रदायात नाही.

ग्रामीण आरोग्य उपकेंद्रे आणि प्राथमिक केंद्रे यांना 2023 पासून ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ असे नाव मिळाले आहे. नाव मंदिराचे असेल तर तेथे वारीही हवी. आशा कार्यकर्ती तीस वर्षांवरील प्रत्येकाची माहिती भरताना तंबाखू, मद्य, कमरेचा घेर, व्यायाम यांविषयी विचारते. प्रश्न उत्तम आहे. परंतु कागद भरून फाइलीत गेला की काम संपले असे होऊ नये. पालखीच्या वाटेवरील तपासणी शिबिरांविषयीही आमची हीच तक्रार आहे. रक्तदाब मोजला, चिठ्ठी दिली, दिंडी पुढे गेली. पुन्हा विचारणारा कोण?

वारकऱ्याची माळ का टिकते, याचा विचार वैद्यांनी करावा. तिला तिथी असते, साक्षीदार असतात, सोबतीला दिंडी असते आणि दरवर्षी त्याच पायरीवर पुन्हा उभे राहावे लागते. दवाखान्यानेही रुग्णाला तिथी ठरवून द्यावी, घरातील एकाला साक्षी ठेवावे, पंधरा दिवसांनी पुन्हा बोलवावे. घसरला तर हाकलू नये. एखादी वारी चुकलेल्याला विठ्ठल परत पाठवीत नाही. बहुतेकांना सोडण्याचा प्रयत्न एकाहून अधिक वेळा करावा लागतो. दरम्यान दूरध्वनीवरून आधार देणारी 1800-11-2356 ही शासनाची निःशुल्क सेवाही आहे.

आणि आमच्या फडकरी व महाराज मंडळींनाही नम्र विनंती आहे. माळ घालताना मद्य-मांसाच्या जोडीने तंबाखूचेही नाव घ्यावे. परंपरा मोडेल असे भय बाळगू नये; परंपरेच्या पोटात उशिरा शिरलेले विष तेवढे बाहेर जाईल. अर्थात त्याआधी व्यासपीठामागची चंची आपण स्वतः दूर केली पाहिजे, हे सांगणे न लगे.

तात्पर्य, ज्यांना जमेल त्यांनी यंदाच्या चातुर्मासात कांद्याबरोबर तंबाखूचाही नेम धरावा आणि तो देवापुढे बोलण्याबरोबर गावच्या आरोग्य केंद्रातही जाऊन सांगावा. कार्तिकीस भगवान जागे होतील, तेव्हा चार महिने स्वच्छ राहिलेल्या मुखाने त्यांचे नाम घेता यावे, एवढीच पांडुरंगचरणी प्रार्थना.