आडात किती आहे ते आधी पाहा

भोपाळहून नर्मदापुरमकडे जाणाऱ्या रस्त्यावरील मंडीदीप ही कारखान्यांची वसाहत आमच्या किनाऱ्यापासून दूर खरी; परंतु आमच्याकडील एखादा मुलगा नोकरीनिमित्त अशा ठिकाणी बिऱ्हाड थाटतो, तेव्हा इकडे आजी-आजोबांना नातवाचे तोंड दिसते ते पडद्यावरच. ते चित्र बोलता बोलता थिजले की दुकानदाराचा सल्ला ठरलेला असतो: जुना राउटर टाका, नवा घ्या. काही हजार रुपये जातात, आणि चित्र पुन्हा थिजते.

आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार? घरापर्यंत येणारी तारच ४० मेगाबिट देत असेल, तर पेटीवर १२०० हा आकडा छापला असला तरी ४१ वा मेगाबिट मिळणार नाही. तो आकडा पेटी आणि फोन यांच्यामधील बिनतारी लहरींच्या वेगाचा आहे, आणि तोही आदर्श परिस्थितीतील बेरजेचा. घरात येणाऱ्या तारेशी त्याचा संबंध नाही.

म्हणून खरेदीपूर्वी मोजमाप करावे, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे. घरातील इतर उपकरणे बंद करून संगणक राउटरला तारेने जोडावा आणि सकाळी व रात्री वेग पाहावा. नंतर बिनतारी जोडणीने तोच वेग पेटीजवळ आणि मागच्या खोलीत मोजावा. तारेवरच वेग कमी असेल, किंवा केवळ रात्री ढासळत असेल, तर दोष बहुधा पुरवठादाराकडे आहे. तक्रार तेथेच करावी. तारेवर पुरता, परंतु पेटीजवळही अपुरा असेल, तर पेटी बदलणे योग्य. पेटीजवळ पुरता आणि खोलीत अपुरा असेल, तर दोष भिंतींचा. ५ गिगाहर्ट्झच्या लहरी वेगवान, पण भिंतीपुढे दुबळ्या; २.४ च्या लहरी दूर जातात, पण चाळीतील शेजाऱ्यांच्या लहरींत गुरफटतात. अशा वेळी पेटी घराच्या मध्यभागी उंचावर ठेवणे हा बिनखर्ची उपाय प्रथम करावा. एक अपवाद मात्र ध्यानी ठेवावा: जुन्या पेटीचे तारेचे तोंडच १०० मेगाबिटचे असेल, तर २०० मेगाबिटचे पैसे भरूनही शंभराच्या आतच वेग मिळेल. तेथे नवी पेटी हाच इलाज.

प्रश्न केवळ एका पेटीचा नाही. केंद्र सरकारने २०२३ साली ब्रॉडबँडच्या व्याख्येतील किमान वेग ५१२ किलोबिटवरून २ मेगाबिटवर नेला. जाहिराती मात्र 'शंभरपर्यंत' म्हणतात, आणि त्या 'पर्यंत' या शब्दाच्या आडोशाला सारी जबाबदारी दडते. ग्राहक न मोजता पेटी बदलतो, तेव्हा पुरवठादाराचा दोष तो स्वतःच्या खिशातून झाकतो. तारीखवार मोजलेले चार आकडे वहीत असले, तर तक्रारीस वजन येते. मंडीदीपमध्ये असो वा मालवणात, ग्राहकाने आधी आडात डोकवावे; पोहरा मागाहून घ्यावा.