गौरव नव्हे, वेतन!

रग्बी हा खेळ आमच्या बहुसंख्य वाचकांच्या परिचयाचा नाही. तथापि इंग्लंडच्या मॅगी अल्फॉन्सी या खेळाडू स्त्रीची कारकीर्द त्यांनी अवश्य विचारात घ्यावी. पराक्रम आणि मोबदला यांचा जो हिशेब तीत दिसतो, तो केवळ खेळापुरता नाही.

1983 साली नायजेरियन वंशाच्या कुटुंबात त्यांचा जन्म झाला. एक पाय जन्मतः वाकडा. उत्तर लंडनमधील एडमंटन येथे आईने एकटीने त्यांना वाढविले. धावून येणाऱ्या प्रतिस्पर्ध्यास कवेत धरून भुईवर पाडावे लागते, असा हा खेळ. तो या मुलीसाठी नव्हे, असा निकाल जगाने जन्मावरूनच दिला असता. परंतु शाळेतील व्यायामशिक्षिकेने जन्म पाहिला नाही, गुण पाहिला. त्या शिक्षिका म्हणजे वेल्सच्या संघाचे नेतृत्व केलेल्या लायझा बर्जेस!

पुढे अल्फॉन्सी इंग्लंडकडून 74 सामने खेळल्या आणि 28 वेळा त्यांनी चेंडू प्रतिपक्षाच्या रेषेपलीकडे टेकविला. 2006 ते 2012 अशी सलग सात वर्षे सहा राष्ट्रांची स्पर्धा इंग्लंडच्या स्त्रियांनी जिंकली. 2010 च्या विश्वचषकाचा अंतिम सामना अवघ्या तीन गुणांनी गेला. 2014 साली पॅरिस येथे कॅनडाचा 21-9 असा पराभव करून त्यांनी तो चषक मिळविला. 2016 साली जागतिक रग्बीच्या सन्मान-दालनात अल्फॉन्सींचे नाव कोरले गेले.

मानपत्रांची वाण पडली नाही. परंतु पगार कोठे होता? पुरुषांच्या रग्बीत 1995 पासून उघडपणे वेतन मिळू लागले होते. 2014 च्या विजेत्या संघाची कर्णधार मात्र प्राथमिक शिक्षिका होती आणि त्याच संघातील दुसरी खेळाडू पशुवैद्य. दिवसभर चाकरी करावयाची आणि उरल्या वेळात देशासाठी हाडे झिजवावयाची, असा हा न्याय! पुढे काहींना करार मिळाले. पण पंधरा जणींच्या संघाचे करार 2017 च्या विश्वचषकानंतर वाढविले जाणार नाहीत, असे इंग्लंडच्या रग्बी संघटनेने जाहीर केले. 28 खेळाडूंना पूर्णवेळ करार मिळण्यास 2019 उजाडले. तोवर अल्फॉन्सी निवृत्त झाल्या होत्या.

स्त्रियांच्या खेळाला प्रेक्षक नाहीत, मग पैसा कोठून आणावा, असा युक्तिवाद केला जातो. वस्तुतः 1991 चा पहिला विश्वचषक स्त्रियांनी आंतरराष्ट्रीय मंडळाच्या मान्यतेवाचून, स्वतःच्या हिमतीवर भरविला. ज्यांनी मान्यता नाकारली, त्यांनीच गर्दी नाही म्हणून बोट दाखवावे, हा कोणता न्याय? वेतन आणि सराव यांची जोड मिळताच काय घडले, ते 2025 साली दिसले. ट्विकेनहॅम येथील अंतिम सामन्यास 81 हजारांहून अधिक लोक जमले आणि इंग्लंडने पुन्हा कॅनडालाच 33-13 असे हरविले.

एखादी असामान्य व्यक्ती सर्व अडथळे ओलांडून वर येते, तेव्हा समाज तिचा सत्कार करतो आणि अडथळे तसेच ठेवतो. हा सत्कार स्वस्त असतो. गौरव देणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असतो. वेतनाचा करार हक्काने मागता येतो. अल्फॉन्सींच्या कारकिर्दीचे खरे मोल त्यांच्या पदकांवरून ठरणार नाही. त्यांच्यामागून येणाऱ्या सामान्य मुलीला असामान्य असण्याची अट न घालता मैदान, शिक्षिका आणि वेतन मिळते की नाही, यावरून ते ठरेल.