गाडीला अस्तर लावताना

उन्हाळ्याच्या सुट्टीत अम्मींना त्यांच्या माहेरी, महाडकडे न्यायचं ठरलं, आणि घरात पहिली चर्चा सुरू झाली ती गाडीची. आमची व्हॅन जुनी. मागच्या भागात उघडा पत्रा, छताला काहीच नाही. मे महिन्यात भिवंडीच्या उन्हात त्या पत्र्याला हात लावता येत नाही, आणि खड्डा आला की खडखडाटात एकमेकांचं बोलणं ऐकू येत नाही. अम्मींची कंबर दुखरी. पनवेल, पेण, माणगाव करत जाणारा रस्ता त्यांना झेपायचा कसा? म्हणून छताला अस्तर आणि खाली मॅटिंग घालायचं, तेही घरच्या घरी, असं आम्ही ठरवलं.

पहिला बेत वेगळाच होता. मधली सीट काढायची आणि मागे गादी पसरायची, म्हणजे अम्मी आडव्या होऊन येतील. गादीत भरायला लूमवरची चिंधी होतीच, आपल्या गावात तिला काय तोटा! अम्मी सगळं ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "मी झोपलेली असताना जोरात ब्रेक लागला, तर मला धरणार कोण?"

आमच्याकडे उत्तर नव्हतं. सीट गेली की पट्टा बांधायची सोयही जाते. शिवाय 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे, आरसीमधल्या नोंदींशी जुळणार नाही असा बदल मालकाला परस्पर करता येत नाही, आणि किती माणसं बसायची तो आकडा आरसीवर असतो. झोपायची सोय असलेली कॅरॅव्हॅन वेगळ्या नियमांनी तयार होते आणि तशीच नोंदवली जाते. तेव्हा सीट जागेवर राहिली. अस्तर लावायला मात्र अडचण नव्हती.

मग चिंधीचं काय? आम्ही मोकळ्या जागेत, पाण्याची बादली शेजारी ठेवून, चिमट्यात धरून एकेक लहान तुकडा पेटवून पाहिला. (मुलांना हे करू देऊ नका.) सुती चिंधी भडकली, आणि ज्वाळ गेल्यावरही आत धुमसत राहिली. साधा फोम काळा धूर सोडत वितळला, त्याचे पेटते थेंब खाली पडले. कापसाची आग वरून विझलेली दिसते आणि आतून चालू असते, हे लूमच्या गावात कुणाला सांगायला नको. तरी तीच चिंधी आम्ही अम्मींच्या पाठीमागे भरायला निघालो होतो! गाडीच्या आतल्या कापडाने आग किती वेगाने पसरावी यासाठी आयएस 15061 हे भारतीय मानक आहे. थोडे पैसे जास्त गेले तरी गाडीसाठीच बनवलेलं कापड आणि मॅटिंग घ्यावं, आणि घेताना या मानकाबद्दल दुकानदाराला विचारावं.

काम आम्ही खालून सुरू केलं. जुनी चटई उचलली तर खाली ओल आणि गंज. पॉलिश पेपरने गंज घासला, पत्रा पुसून उन्हात वाळवला, रेड ऑक्साइडचा हात दिला आणि पूर्ण सुकू दिला. ओल्या पत्र्यावर मॅटिंग घातलं तर आपल्या कोकणपट्टीच्या पावसात एका मोसमात खालून पत्रा खाल्ला जातो. म्हणून मॅटिंग चिकटवलं नाही, कडेने स्क्रूने धरलं. पाणी शिरलं तर उचलून वाळवता येतं.

मापासाठी मुलीने जुनी वर्तमानपत्रं जोडून खाका कापला. पट्ट्यांची कुलपं आणि सीटचे बोल्ट यांच्या जागा त्यात मोकळ्या ठेवल्या. ईको, ओम्नीसारख्या गाड्यांत इंजिन पुढच्या सीटखाली असतं. तिथे कापड अजिबात नेऊ नये. ड्रायव्हरच्या पायाशी मॅटिंग सपाट आणि घट्ट हवं, नाहीतर गोळा होऊन ब्रेकखाली अडकतं.

छताच्या वेळी अम्मींची शिवणकामातली वर्षं कामी आली. "अस्तर ओढून बसवू नका, थोडं सैल कापा," त्या म्हणाल्या. गोंद पत्र्याला आणि कापडाला, दोन्हीकडे लावायचा, दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, बोटाला चिकटेनासा झाला की मधून सुरुवात करून हाताने बाहेरच्या बाजूला दाबत न्यायचं. या गोंदाची वाफ डोक्यात चढते आणि पेटही घेते. सगळे दरवाजे उघडे ठेवावेत, जवळ विडी-सिगारेट नको. छताच्या कडेला एअरबॅग असलेल्या गाडीत त्या कडेला हात लावू नये. दरवाजांच्या पोकळीत काही भरू नये. काच वर-खाली होणं अडतं आणि खालच्या भोकांतून पाणी निघून जात नाही.

गाडीत सीएनजीची टाकी असेल तर ती, तिचा व्हॉल्व्ह आणि हवा बाहेर नेणाऱ्या नळ्या कधीही झाकू नयेत. टाकीची चाचणी दर तीन वर्षांनी करावी लागते, तेव्हा तिच्यावरची पाटी वाचता आली पाहिजे. एक लहान अग्निशामक पुढच्या सीटजवळ, हात पोहोचेल असा ठेवावा. आणि आतून कितीही मऊ झालं तरी इंजिन चालू ठेवून, काचा बंद करून गाडीत झोपू नये. धुरातला विषारी वायू झोपेतच जीव घेतो. झोपण्यापूर्वी दिवा विझवण्याची शिकवण आपल्या नबींनी (स.) दिली आहे. चालू इंजिनही आम्ही त्यातच मोजतो.

दोन दिवसांत काम झालं. फजर पढून, सफरची दुआ करून निघालो. अम्मी पट्टा बांधून, कंबरेमागे उशी घेऊन बसल्या. दर तासाला थांबून आम्ही त्यांना चार पावलं चालवलं. माणगावच्या पुढे जुहरसाठी थांबलो तेव्हा विचारलं, "अम्मी, कंबर कशी आहे?"

"अल्हम्दुलिल्लाह, बरी आहे," त्या म्हणाल्या आणि छताकडे बोट दाखवलं. "पण तिकडे कोपऱ्यात एक चुणी राहिली आहे. घरी गेल्यावर उसवून पुन्हा लावा."