दुरुस्तीसाठी टिपले, पाळतीला पुरले

ग्राहकावर पाळत ठेवायचीच असती, तर ती कोणत्याही कंपनीने इतक्या उघडपणे ठेवली नसती. मे २०१७ मध्ये ‘मॉडझीरो’ या स्विस सुरक्षा संस्थेने उघडकीस आणलेले एचपी लॅपटॉपचे प्रकरण नेमके असे होते. कोनेक्झंट कंपनीच्या ध्वनी-ड्रायव्हरसोबत आलेला ‘मिकट्रे’ हा प्रोग्राम दाबलेली प्रत्येक कळ एका साध्या फाइलमध्ये टिपून ठेवत होता. पासवर्ड, खासगी पत्रे, खातेक्रमांक, सारेच त्यात; आणि फाइल सामायिक फोल्डरमध्ये, म्हणजे त्या संगणकावर बसणाऱ्या कोणालाही वाचता यावी अशी!

या प्रोग्रामचे खरे काम मायक्रोफोन बंद-चालू करण्याची कळ ओळखणे, एवढेच. ती कळ कोणत्याही क्षणी दाबली जाऊ शकते. त्यासाठी विंडोजमध्ये ‘हुक’ ही सोय आहे. हुक बसवला, की प्रत्येक कळीची वर्दी आधी त्या प्रोग्रामकडे येते. त्याने ती पाहून पुढे सोडायची. त्याने दिरंगाई केली तर सगळा कळफलक अडखळतो. विंडोज ७ पासून तर उशीर करणारा हुक प्रणाली परस्पर काढून टाकते आणि प्रोग्रामला त्याचा पत्ताही लागत नाही. त्यामुळे ‘कळ दाबली, पण काहीच घडले नाही’ या तक्रारीचे मूळ शोधणे जिकिरीचे ठरते. मग प्रोग्रामर सोपा मार्ग धरतो : हुकपाशी आलेली प्रत्येक कळ लिहून काढायची. चाचणीच्या संगणकावर त्यात गैर काही नाही. पण ही नोंदवही ग्राहकाच्या घरी पोचली. दोष शोधण्यासाठी लिहिलेला भाग अनवधानाने राहून गेला, असा खुलासा एचपीने केला आणि सुधारित ड्रायव्हर दिला.

खुलासा पटण्याजोगा होता. मात्र त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सिनॅप्टिक्सच्या टचपॅड-ड्रायव्हरमध्येही असाच भाग सापडला. तो मुळात बंद ठेवलेला होता, पण एचपीच्या ४६० हून अधिक मॉडेलांमध्ये होता. तेव्हा हा एका प्रोग्रामरचा विसराळूपणा नव्हे. माल बाहेर पडण्यापूर्वीच्या तपासणीतलेच ते भगदाड होते.

आपल्याकडील बँकांच्या संकेतस्थळांवर आभासी कळफलक आला तो परक्या, चोरट्या प्रोग्रामच्या भीतीने. इथे प्रोग्राम उत्पादकानेच बसवलेला होता.

वास्तविक दोष शोधायला सगळ्या कळा लागतच नाहीत. हुक जिवंत आहे का आणि हवी ती कळ पोचली का, या दोन नोंदी बहुधा पुरतात. शिवाय ठरावीक कळीसाठी विंडोजमध्ये ‘रजिस्टर हॉटकी’ ही वेगळी सोय आहे. तीत बाकीच्या कळा प्रोग्रामच्या कानावर जातच नाहीत.